पट्टा काढू नकोस

अरे बाळा,

रविवारी पहाटे मरीन ड्राइव्हवर सायकल चालवताना ठोके मोजणारा छातीचा पट्टा सोडून तू खिशात कोंबलास, ते मी पाहिलं. "काका, आकडे सरांकडे जातात, निवड चाचणी तोंडावर आलीय," म्हणालास. छातीत मधेच मासा उसळल्यासारखं होतं, हेही त्याच दमात बोलून गेलास. रात्रभर मला झोप नाही.

पट्टा काढू नकोस.

मीही लपवलं होतं. खोपोली सोडून बोरघाट लागला की माझी डावी मांडी जड व्हायची, पाय दुसऱ्याचाच वाटायचा. कुणी विचारलं की "गोळा आलाय" म्हणायचो. दोन हंगाम! सायकल शर्यतीतला 'घाटाचा राजा' व्हायचं होतं, त्यामागे क्रीडा कोट्यातली नोकरी दिसत होती. टेबलावर झोपवून तपासलं की सगळं ठीक यायचं, आणि मला तेच हवं असायचं. दोष पायाकडे जाणाऱ्या धमनीत होता. वर्षानुवर्षं वाकून पेडल मारल्यावर काहींची ती जाड होते, मुडपते. रक्त कमी पडतं ते पूर्ण जोर लावल्यावरच. सायकलवर दमवून लगेच घोट्याचा रक्तदाब घेतला असता तर सापडलं असतं. पण त्रास घाटातच होतो, हे मी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. शेवटी शिंगरोबाच्या देवळापाशी उतरलो, तो कायमचा.

लोक म्हणाले, घाबरला. मी घाबरलो नव्हतो. उतरलो ते बरोबरच केलं, आजही तेच करीन. चुकले ते आधीचे दोन हंगाम.

आणि तुझं तर काळीज आहे रे! इटलीचा सायकलपटू सोनी कोलब्रेल्ली. त्याने ऑक्टोबर 2021 मध्ये चिखलातली पॅरिस-रुबे शर्यत पहिल्याच खेपेला जिंकली. 21 मार्च 2022 ला स्पेनमधल्या कॅटलोनियाच्या शर्यतीत पहिल्या टप्प्यात दुसरा आला आणि रेषेपलीकडे कोसळला. छाती दाबून, विजेचा झटका देऊन त्याला परत आणलं. छातीत डिफिब्रिलेटर बसला, ठोके बिघडले की झटका देणारं यंत्र. तो घेऊन इटलीत शर्यत खेळू देत नाहीत. बत्तिसाव्या वर्षी सगळं संपलं. त्याच्याजवळ निदान माणसं होती. पहाटे साडेचारला ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर तुझ्याजवळ कोण असतं? पाण्याचे टँकर!

सांगितलं की संपलंच, असं कुणी भरवलंय तुझ्या डोक्यात? इटलीचाच सायकलपटू एलिया विवियानी, त्याच्या ठोक्यांतला बिघाड जानेवारी 2021 मध्ये सापडला, उपचार झाले, आणि ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकला त्याने कांस्य घेतलं. सापडला म्हणून उपचार झाले. म्हणून म्हणतो, पट्टा काढू नकोस.

पडून काढलेला ईसीजी चांगला आला म्हणून मला फोटो पाठवू नकोस. तो काही सेकंदांचा असतो. चोवीस तास ठोके नोंदवणारा होल्टर लाव, दमवून तपासणारी स्ट्रेस टेस्ट कर, आणि मासा कधी उसळतो ते शब्दन् शब्द सांग. सरांशी मी बोलेन. चिडले तर माझ्यावर चिडू देत.

गुरुवारी सायकल आणू नकोस. लोकलने ये, चर्चगेटला घड्याळाखाली थांबतो. अकराची वेळ घेतली आहे. पट्टा आण, आणि घड्याळातली रविवारची राइड पुसू नकोस.

तुझा,
काका