जपानमधल्या होस्टेस बारमध्ये आणि ‘स्नॅक’मध्ये नेमकं काय चालतं? नवख्या माणसाने जावं का?

टोकियोत सोळा वर्षं झाली. ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने पहिल्यांदा ‘स्नॅक’मध्ये, म्हणजे गल्लीतल्या छोट्या बारमध्ये, नेलं. आजही बहुतेक शुक्रवारी मी तिथेच असतो.

आपल्याकडे असं काही म्हटलं की डान्सबारच डोळ्यांपुढे येतो. स्नॅक तसा नसतो. आठ-दहा खुर्च्या, कॅराओके आणि काउंटरपलीकडे उभी मामासान, म्हणजे बार चालवणारी बाई. ती पलीकडेच का उभी असते, हे मला फार उशिरा कळलं. रात्रीच्या करमणुकीच्या धंद्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या १९४८च्या फुएइहो कायद्यात गिऱ्हाइकाशेजारी बसून दारू ओतणं, गप्पांनी रमवणं याला ‘सेत्ताइ’ म्हणतात. त्यासाठी वेगळा परवाना लागतो आणि तो घेतला की दुकान रात्री बाराला, काही भागांत एकला, बंद करावं लागतं. ज्यांना पहाटेपर्यंत चालवायचंय त्यांना ‘सेत्ताइ’ टाळावी लागते, म्हणून ते काउंटर मध्ये ठेवतात.

क्याबाकुरात, म्हणजे होस्टेस क्लबमध्ये, मुलगी शेजारी बसते. तिथे तासाचे पैसे, ठरावीक मुलगी हवी तर ‘शिमेइ’चे वेगळे, शिवाय तिच्या पेयाचे. ती गोड बोलते ते तिचं काम आहे. ते प्रेम समजून कर्जात बुडालेले लोक मी पाहिलेत. होस्ट क्लबमध्ये, जिथे पुरुष बायकांना रमवतात, तिथे तर तरुण मुलींवर उधारी चढवून त्यांना देहविक्रीपर्यंत ढकललं जायचं. २०२५च्या जूनपासून गिऱ्हाइकाच्या प्रेमभावनेचा असा गैरफायदा घेण्यावर कायद्याने बंदी आहे. ती फार आधी यायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

जा, पण काबुकिचोत, म्हणजे टोकियोतल्या रात्रीच्या करमणुकीच्या वस्तीत, रस्त्यावर हाक मारणाऱ्याच्या मागे जाऊ नका. तिथे लाउडस्पीकरवरून हेच बजावत असतात. पहिल्या वर्षी मी गेलो आणि दोन बिअरचे चाळीस हजार येन मोजून आलो. स्नॅकमध्ये साधारण तीन ते पाच हजारांत संध्याकाळ होते. तरी बसण्याआधी दर विचारा, कुणाला राग येत नाही. पहिल्यांदा ओळखीच्या माणसाबरोबर गेलात तर उत्तम.

दोन-चारदा गेलात की व्हिस्कीची अख्खी बाटली घेऊन तिथेच ठेवता येते. बाटलीच्या गळ्यात तुमच्या नावाची पट्टी अडकवतात. मुदत विचारून घ्या, बहुतेक ठिकाणी तीन ते सहा महिने असते. कोविडमध्ये आमचं दुकान महिनोन्‌महिने बंद होतं. उघडल्यावर गेलो, तर मुदत केव्हाच उलटलेली माझी बाटली फळीवर होती आणि पट्टीवरचं पुसट झालेलं आडनाव मामासानने नव्याने लिहिलं होतं.