जिआर्डिया पुन्हा पॉझिटिव्ह आला, म्हणजे औषध फसलं का?

तुमचा प्रश्न मला असा कळला: चार महिन्यांच्या कुत्र्याच्या पिल्लाला चिकट, घाण वासाचे जुलाब झाले, तपासणीत जिआर्डिया, म्हणजे आतड्यात राहणारा एकपेशीय परजीवी, निघाला. पाच दिवस फेनबेंडाझोल दिलं, जुलाब थांबले, पिल्लू पूर्ववत हुंदडायला लागलं. दहा दिवसांनी खात्री करायला परत किट लावलं तर परत पॉझिटिव्ह. आता औषधाचा दुसरा कोर्स द्यायचा का, आणि घरात लहान मुलगी आहे म्हणून सगळ्यांनीच गोळ्या घेऊन टाकायच्या का?

शेवटचं आधी सांगतो. नाही. कुणाला काही होत नसताना घरभर गोळ्या वाटू नका.

मी लॅबमध्ये स्लाइड बघतो, माणसांच्याही आणि जनावरांच्याही, त्यामुळे रिपोर्टबद्दल थोडं सविस्तर लिहितो. झटपट किट जिवंत जंतू शोधत नाही, जिआर्डियाचं प्रथिन शोधतं. जंतू मेल्यावरही ते प्रथिन काही आठवडे शीमधून पडत राहू शकतं. म्हणून उपचारानंतर लगेच त्याच किटने 'गेला का' हे बघण्यात अर्थ नसतो. बघायचंच असेल तर शीची फ्लोटेशन तपासणी करा. झिंक सल्फेटच्या द्रावणात शी घोळवली की कोष (जिआर्डियाचं कवचातलं, बाहेर टिकणारं रूप) वर तरंगतात आणि मायक्रोस्कोपखाली प्रत्यक्ष दिसतात. त्यातही गोम आहे: कोष रोज पडत नाहीत. एका दिवसाचा नमुना कोरा निघाला म्हणून हायसं वाटून घेऊ नका. एकेक दिवस सोडून तीन नमुने द्या. आणि पिल्लाला जुलाब नाहीत, वजन नीट वाढतंय, तर ही तपासणी करायची का हेही आधी व्हेटना विचारा. नुसत्या कागदावर उपचार करण्याची घाई बरेच अनुभवी व्हेट करत नाहीत.

ताज्या पातळ शीचा थेंब स्लाइडवर घेतला तर कधीकधी जिवंत जिआर्डिया पोहताना सापडतो. नासपतीच्या आकाराचा, जेमतेम १० ते २० मायक्रॉन लांब, आत दोन केंद्रकं. सरळ समोर आला की दोन डोळ्यांनी आपल्याकडेच बघतोय असं वाटतं. गिरक्या घेत, हेलकावत जातो. (लेव्हेनहुक यांनी १६८१ मध्ये स्वतःला जुलाब होत असताना स्वतःचीच शी भिंगाखाली धरली होती, तेव्हा त्यांना दिसला तो हाच, असं मानतात. हौसेला मोल नसतं.) पोटाकडच्या चकतीने तो लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून बसतो, पण आत घुसत नाही. म्हणून शीत सहसा रक्त नसतं, तापही फारसा नसतो. अन्नातली चरबी मात्र नीट शोषली जात नाही, मग शी तेलकट, फिकट आणि उग्र वासाची होते. रक्त किंवा चांगलाच ताप असेल तर डोक्यातून जिआर्डिया काढा आणि दुसरं काही शोधायला सांगा.

हा पोहणारा जीव बाहेर फार टिकत नाही. टिकतो तो त्याचा कोष. थंड, ओलसर जागेत काही आठवडे, थंड पाण्यात महिनेसुद्धा. शीतून पडतो त्या क्षणापासून तो संसर्ग करायला तयार असतो, आणि १० कोषसुद्धा माणसाला पुरतात. आता पिल्लू काय करतं? शी करतं, मागचा भाग चाटतं, मग पंजे. औषधाने आतडं साफ केलं तरी शेपटीखालच्या केसांत अडकलेले कोष परत पोटात. तुमचं औषध लागू पडलं असणार. जुलाब परत सुरू झाले तर मला आधी संशय येईल तो याच फेऱ्यावर. कोर्सच्या शेवटच्या दिवशी शाम्पूने अंघोळ घालायची, मागचे केस आणि पंजे नीट चोळून धुवायचे, हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे आणि नेमकं तेच राहतं.

शी पडल्या पडल्या उचला. पाण्याच्या आणि खाण्याच्या भांड्यांवर रोज उकळतं पाणी ओता. अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडकडीत वाळवा. फरशीवर आधी घाण पुसा, मगच क्वाटर्नरी अमोनियमवालं जंतुनाशक टाका, बाटलीवर लिहिलंय तितका वेळ ओलं राहू द्या आणि मग पूर्ण कोरडं करा. कोष कोरडेपणाला भितो. बागेतली माती निर्जंतुक करता येत नाही, त्या भानगडीत पडू नका. ऊन आणि सुकणं, एवढंच तिथे आपल्या बाजूने आहे.

मुलीबद्दल. जिआर्डिया दिसायला एकच असला तरी त्याचे जनुकीय गट आहेत. माणसात ए आणि बी, कुत्र्यांत मुख्यतः सी आणि डी, मांजरांत एफ, गाईगुरांत बहुतेक ई. कुत्र्यांत ए, बी कधीकधी सापडतात, म्हणून धोका शून्य म्हणणार नाही, पण कमी आहे. माणसाला तो बहुतेकदा दूषित पाण्यातून किंवा दुसऱ्या माणसाकडून येतो. डायपरची पोरं एकत्र असतात तिथे तर सर्रास. तेव्हा पिल्लाला दोष देण्याआधी पिण्याचं पाणी बघा. नेहमीच्या प्रमाणातल्या क्लोरीनला कोष बऱ्यापैकी दाद देत नाही. पाणी खळखळून १ मिनिट उकळा, २००० मीटरच्या वर राहत असाल तर ३ मिनिटं. फिल्टर घेणार असाल तर छिद्रं 'ॲब्सोल्यूट १ मायक्रॉन' किंवा त्याहून बारीक हवीत. हात साबणाने धुवायला लावा. सॅनिटायझरच्या भरवशावर कोष मरत नाहीत.

तिचं पोट फुगलं, सडक्या अंड्यासारखे ढेकर आले, जुलाब आठवडाभर हटले नाहीत किंवा वजन उतरलं, तर डॉक्टरांकडे न्या आणि जिआर्डियाची तपासणी मागा. नेहमीच्या तपासणीत तो निसटू शकतो, म्हणून नाव घेऊन सांगा. संसर्गानंतर लक्षणं दिसायला साधारण १ ते २ आठवडे लागतात, तेव्हा तोपर्यंत रोज तिची शी न्याहाळत बसू नका. टिनिडाझोल, मेट्रोनिडाझोल, निटाझोक्सानाइड ही औषधं आहेत, पण वजनाप्रमाणे आणि डॉक्टरांच्या हातूनच. पिल्लाला घरातल्या डब्यातली मेट्रोनिडाझोल तर अजिबात नको. जास्त झाली तर कुत्रं झोकांड्या खायला लागतं.

आणखी एक, लोक इथे हमखास गोंधळतात. उपचारानंतर काही मुलांना काही आठवडे दूध पचत नाही. दूध प्यायलं की परत पोट फुगतं, जुलाब होतात, आणि घरचे म्हणतात जंतू परत आला. आतड्याचं अस्तर भरून येईपर्यंत दूध थांबवून बघा, आणि तेवढ्याने फरक पडला नाही तरच पुन्हा नमुना द्या.