संवादातून शिकवायचंय? चुकीचं उत्तर लगेच खोडू नका

सुरुवात ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या 'मेनो' या संवादातल्या चौरसाने करा: २ फूट बाजूच्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायचा. मुलं बाजू ४ सांगतील. आकृती काढायला लावा, १६ चौरस फूट त्यांनाच मोजू द्या. मग ३ येईल. तेही ९ भरतं, हवेत ८. इथे वर्ग अडतो, आणि नवे शिक्षक नेमके इथेच घाबरून 'मूळ चौरसाचा कर्ण हीच नवी बाजू' हे उत्तर सांगून टाकतात. थांबा, मनात दहा आकडे मोजा. 'मेनो'त प्रश्न विचारणाऱ्या सॉक्रेटिसचे 'हो ना?' छापाचे प्रश्न मात्र उचलू नका. मुलं नुसत्या माना डोलावतात.

मतभेदाच्या विषयाला पूर्वपक्ष-उत्तरपक्ष ही आपली जुनी वादपद्धती बरी. समोरच्याचं म्हणणं आधी त्याला पटेल असं मांडायचं, मगच खंडन. ही अट सुटली की वितंडवाद सुरू: स्वतःची बाजू न मांडता नुसती खोडाखोडी.