फायर प्रोटेक्शनच्या लाइनमध्ये मुलीला पाठवू का?

नमस्कार दादा, पत्र वाचलं. मुलगी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला, फायर प्रोटेक्शनच्या कंपनीत साइट इंजिनिअरची ऑफर आलीय, आणि घरात सगळ्यांचं म्हणणं की ही आग विझवायचे सिलिंडर भरायची लाइन, यात स्कोप काय, त्यापेक्षा आयटी बरं. तिचं स्वतःचं मन तिकडे आहे हे तुम्ही अगदी शेवटच्या ओळीत लिहिलंय, खरं तर ते पहिल्या ओळीत हवं होतं.

सिलिंडर हा त्यातला चिमूटभर भाग हो. छतातून पाणी फवारणारे स्प्रिंकलर, आगीसाठी पाइप जोडायचे हायड्रंट, पंप, डिटेक्टर, अलार्म पॅनल, धूर बाहेर काढायचे पंखे, माणसं सुटायचे जिने-दरवाजे, हे सगळं यात येतं. आणि मेकॅनिकलवाल्याला तर हे घरचंच, फायर पंपाने रेटेडच्या, म्हणजे त्याच्या ठरलेल्या क्षमतेच्या, दीडपट पाणी देतानाही ठरलेल्या प्रेशरच्या निदान 65 टक्के प्रेशर टिकवायला हवं, म्हणजे फ्लुइडचा जो पेपर पोरं रट्टा मारून काढतात त्याच्यावरच इथे पगार मिळतो.

बांधकाम मंदावलं की नवीन प्रोजेक्ट आटतात, ते खरंय. पण बसवलेली सिस्टिम तपासत राहावीच लागते, त्यामुळे टेस्टिंग-मेंटेनन्सवाले सहसा रिकामे बसत नाहीत. शिवाय जुनं बदलायचं काम संपतच नाही, ओझोन वाचवायच्या 1987 च्या मॉन्ट्रियल करारामुळे आग विझवायचा हॅलॉन गॅस गेला, त्याच्या जागी आलेला एफएम-200 गॅस आता त्याच कराराच्या 2016 च्या किगाली दुरुस्तीत (तापमान वाढवणारे गॅस कमी करायच्या) अडकलाय, फोममधल्या, निसर्गात सहज न विरणाऱ्या पीफास केमिकल्समुळे फोमही बदलतायत, आणि लिथियम बॅटरीची आग तर विझली विझली म्हणताना परत पेट घेते, त्यावर अजून सगळेच डोकं खाजवतायत.

आता खोट सांगतो, कारण ती कोणी सांगत नाही. इथे काम बऱ्याचदा सगळ्यात स्वस्त कोटेशनला जातं. मग पंपाचा सिलेक्टर ऑटोऐवजी मॅन्युअलवर, मेन व्हॉल्व्ह बंद, आणि रजिस्टरमध्ये मात्र सगळीकडे टिक. स्प्रिंकलरची ती लाल काचेची नळी 68 डिग्रीला फुटते, पण रंगाऱ्याने छताबरोबर तिलाही रंग फासला तर ती वेळेवर फुटेल याचा भरवसा नाही, खरवडून चालत नाही, हेडच बदलावं लागतं. आणि असे ढिगाने हेड बदला म्हणून रिपोर्ट दिला की मालक चिडतो, कंपनीला पुढचं कॉन्ट्रॅक्ट जाईल याची भीती, आणि रिपोर्टवर सही तुमच्या मुलीची! लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या रहिवासी इमारतीच्या आगीत 2017 ला 72 माणसं गेली, त्यानंतर काम करणाऱ्याला कामाचं ज्ञान आहे का हा प्रश्न तिथे ऐरणीवर आला आणि 2022 ला नवा कायदा झाला. माझ्या मते या धंद्यात सामान भरपूर आहे, टंचाई आहे ती नीट टेस्ट करून खरं लिहिणाऱ्यांची.

झेपेल का म्हणालात, तर बेसमेंटमधले पंप रूम, उंचीवरची कामं, रात्रीचे शटडाउन हे असणारच, ते तिला आधी माहीत असू दे, ठरवू दे तिलाच.

जॉइन करण्याआधी मात्र तिने कंपनीला तीन गोष्टी विचाराव्यात: टेस्टिंगला सिनियर सोबत असतो का, हायड्रॉलिक कॅल्क्युलेशन (पाइपातल्या पाण्याच्या प्रवाहाचं आणि दाबाचं गणित) शिकवतात की नुसतं लेबर मोजायला उभं करतात, आणि रिपोर्टमध्ये तिने फेल लिहिलं तर साहेब काय करतात. तिसऱ्याला उत्तर देताना चुळबुळ झाली तर ती कंपनी सोडा, लाइन नको सोडू म्हणावं.