कानाला काचणार नाही असं काहीतरी सांगा

हेडफोनबद्दलचे प्रश्न पाठवा म्हटल्यावर भरपूर पत्रं आली, त्यातले चार, बहुतेक प्रवासाबद्दलचे, या वेळी घेतलेत. एकाचं उत्तर लांबलंय कारण तोच प्रश्न थोड्याफार फरकाने बऱ्याच जणांनी विचारला होता.

प्रश्न : रोज डोंबिवली ते सीएसएमटी लोकलने जाते. चष्मा आहे. कानात घालायचे इअरफोन थोड्या वेळाने दुखायला लागतात, मैत्रिणीचे मोठे हेडफोन घालून बघितले तर चष्म्याची काडी कानामागे रुतते. ऑफिसमधला एकजण जुन्या पद्धतीचे पातळ पट्टीचे, फोमवाले हेडफोन वापरतो, ते कॉसचे आहेत म्हणाला, एकदम हलके वाटले. तेच घेऊ का? ऐकते ते नाट्यसंगीत आणि पॉडकास्ट.

ताई, ते पोर्टा प्रो असणार. अमेरिकेत मिलवॉकीला कॉस कंपनी आहे, तिने १९८४ साली हे मॉडेल आणलं आणि आजही ते जवळजवळ त्याच रूपात विकलं जातं. इलेक्ट्रॉनिक वस्तू चाळीस वर्षं न बदलता टिकते म्हणजे त्यात काहीतरी नक्की जमलेलं असतं. जमलंय ते असं की कानाच्या जरा वर, कानशिलापाशी दोन छोट्या फोमच्या गाद्या आहेत, बराचसा दाब त्या घेतात, त्यामुळे कानाच्या पाळीवर आणि चष्म्याच्या काडीवर फार थोडा भार येतो, शिवाय बाजूला एक बटण आहे ते सरकवून दाब कमीजास्त करता येतो. तुम्हाला हलके वाटले त्याचं कारण हे. आवाजही खरंच गोड आहे, तबल्यातला बाया छान घुमतो आणि गाणाऱ्याचा गळा जवळ येतो. घडी घालून पर्सच्या छोट्या कप्प्यातसुद्धा मावतात. एकच खबरदारी, डोक्यावरची पट्टी म्हणजे एकमेकीवर सरकणाऱ्या दोन पातळ पत्र्याच्या पट्ट्या असतात, त्यात केस अडकून तुटतात, तेव्हा लांब केस असतील तर आधी पट्टी हवी तेवढी ओढून घ्या आणि मग डोक्यावर चढवा, घातल्यावर सरकवू नका.

एवढं कौतुक करूनही लोकलसाठी ते घेऊ नका असंच सांगेन. हे हेडफोन उघडे आहेत, म्हणजे मागून हवा खेळती आहे, त्यामुळेच आवाज मोकळा लागतो पण बाहेरचं सगळं आत येतं आणि आतलं सगळं बाहेर जातं. लोकलमध्ये रुळांचा खडखडाट, पंखे, बायकांच्या डब्यातल्या गप्पा, यांच्यावर चढून नाट्यपद ऐकायचं तर आवाज वाढवावाच लागतो, शेजारच्या बाईला तुमचं गाणं ऐकू येतं ते वेगळंच. आणि कानाचं गणित फार कडक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात, ९० डेसिबलला मात्र फक्त ४ तास. जाऊन येऊन रोजचे अडीच तास धरले तर ९० ला तुमचा आठवड्याचा कोटा मंगळवारीच संपला. म्हणून प्रवासाचे हेडफोन निवडताना मी आधी बघते ते बाहेरचा आवाज किती अडतो आणि डोक्यावर तास दीड तास सुखाने बसतात का, संगीताची गोडी त्यानंतर. बाहेरचं अडलं की कमी आवाजातही गाणं पुरेसं वाटतं.

तुमच्यासाठी दोन रस्ते दिसतात. पहिला, कानाभोवती पूर्ण बसणारे पण वजनाला हलके असे बंद हेडफोन. सोनीचे डब्ल्यूएच-सीएच७२०एन १९२ ग्रॅमचे आहेत, नॉइज कॅन्सलिंग म्हणजे बाहेरचा आवाज मिटवायची सोय आहे, मोठ्या हेडफोनमध्ये एवढं कमी वजन क्वचित मिळतं. कानावर टेकणारे छोटे हेडफोन चष्मेवाल्यांनी शक्यतो टाळावेत, कारण ते कानाची पाळीच काडीवर दाबतात आणि अर्ध्या तासात कानामागे ठसठसायला लागतं. कानाभोवती बसणाऱ्यात गादी मऊ असेल तर काडी गादीत रुतते, कानामागे नाही. दुकानात जाल तेव्हा चष्मा घालूनच जा, तानपुरा किंवा तबला असलेलं काहीतरी लावा आणि दोन्ही कप हाताने हलकेच कानावर दाबा. दाबल्यावर खर्ज एकदम वाढला तर समजा की काडीच्या फटीतून हवा निसटतेय, हे मॉडेल तुमच्या चष्म्याशी जमणार नाही. बारीक धातूच्या काडीला हा त्रास कमी होतो, जाड प्लॅस्टिकच्या फ्रेमला जास्त. वीस मिनिटं तरी घालून बसा, दुकानदार घाई करत असेल तर दुसरं दुकान बघा.

दुसरा रस्ता स्वस्त आहे आणि तोच आधी करून बघा. कानात घालायचे दुखतात म्हणता, तर खोक्यातून आल्यावर जे मधल्या साइजचे रबर लावलेले असतात तेच अजून आहेत का? बहुतेक लोक ते कधी बदलतच नाहीत. सोबत लहान-मोठे असतात, लहान लावून बघा, बऱ्याच जणींचा एक कान दुसऱ्यापेक्षा बारीक असतो तेव्हा दोन बाजूंना दोन साइज लावल्या तरी काही बिघडत नाही. सिलिकॉनने खाज येत असेल तर मेमरी फोमचे टिप्स वेगळे मिळतात, ते बोटांनी चिमटून कानात सोडायचे, मग ते हळूहळू फुगून कानाचा आकार घेतात. तुमच्या गर्दीत नेकबँड, म्हणजे गळ्यात अडकवायच्या पट्टीचे इअरफोन, सगळ्यात बरा, चढताना धक्का लागून निघाला तरी गळ्यात लटकतो, रुळांवर जात नाही. आणि कुठलेही घेतलेत तरी गाडीत चढता-उतरताना आणि रूळ ओलांडायच्या पुलाकडे जाताना कान मोकळे ठेवा, हे मी अगदी हात जोडून सांगते.

पोर्टा प्रोवर जीव जडलाच असेल तर घरी, सकाळी फिरताना, गच्चीवर, जरूर वापरा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, सांगलीला असतो. मुलाकडे न्यू जर्सीला जातोय. तो म्हणतो बाबा, विमानासाठी तीस हजारांचे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन पाठवतो. मला उधळपट्टी वाटते. एवढं काय असतं त्यात?

सर, एवढ्या लांबच्या विमान प्रवासाला मुलाचं म्हणणं बरोबर आहे, घेऊ द्या त्याला. ही कल्पना मुळात विमानातच सुचलेली आहे. अमर बोस, वडील बंगालचे, स्वतः अमेरिकेत एमआयटीला प्राध्यापक, ते १९७८ साली झ्युरिकहून परत येत होते, विमान कंपनीने दिलेले हेडफोन लावले तर इंजिनाच्या घरघरीत संगीत बुडून गेलं, तेव्हा विमानात बसल्याबसल्याच त्यांनी आकडेमोड सुरू केली. आधी वैमानिकांसाठी हेडसेट निघाले आणि तुमच्याआमच्यासाठी त्यांच्या बोस कंपनीचे क्वायट कम्फर्ट हेडफोन यायला २००० साल उजाडलं.

तुम्ही शिक्षक आहात म्हणून तत्त्वही सांगते. हेडफोनवरचे माइक बाहेरचा आवाज टिपतात आणि आतला स्पीकर त्याच्या बरोबर उलटी लाट सोडतो, चढावर उतार बसला की दोन्ही मिटतात. इंजिनाची घरघर खालच्या पट्टीतली आणि अखंड असते, १०० हर्ट्झची लाट हवेत जवळपास साडेतीन मीटर लांब असते, तिच्यावर उलटी लाट बसवणं सोपं जातं. ३००० हर्ट्झची लाट जेमतेम ११ सेंटिमीटरची, तिथे जरा इकडेतिकडे झालं की गणित चुकतं. म्हणून घरघर जवळजवळ नाहीशी होते पण शेजारचं तान्हं बाळ रडलं तर ऐकू येणारच, ते थोडंफार अडवायचं काम जाड गाद्यांचं. मशीन बिघडलं असं समजू नका.

मुलाला एवढं सांगा की घडी होणारे घे. सोनीचे एक्सएम५ चांगले आहेत पण आतल्या बाजूला दुमडत नाहीत, त्यांची पेटी हँडबॅगेत बरीच जागा खाते, एक्सएम४ आणि नवे एक्सएम६ दुमडतात, बोसचे क्वायट कम्फर्टही. वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास असतं, ते पंधरा तास सतत घालायचे नाहीतच, मधे मधे काढून कानांना हवा द्या. काही लोकांना नॉइज कॅन्सलिंग चालू केल्यावर कानात दडा बसल्यासारखं वाटतं, तुम्हाला तसं होतंय का ते पुण्या-मुंबईच्या एखाद्या शोरूममध्ये आधी लावून बघा म्हणजे परत पाठवायची वेळ येणार नाही. सोबतची वायर विसरू नका, बऱ्याच विमानांत समोरच्या स्क्रीनला अजून ब्लूटूथ नसतं, वायरनेच जोडावं लागतं. बॅटरी लिथियमची असते तेव्हा हेडफोन चेक-इनच्या बॅगेत न टाकता सोबतच ठेवा, पॉवर बँक तर सोबतच लागते.

विमानात काही ऐकायचं नसेल तरी नुसते लावून नॉइज कॅन्सलिंग चालू ठेवा आणि झोपा. पोचल्यावर डोकं भणभणत नाही, माझ्या मते ते तीस हजार यासाठीच आहेत.

प्रश्न : रत्नागिरी ते पुणे एसटीने येऊनजाऊन असतो, बजेट दोन हजार, सगळे म्हणतात टीडब्ल्यूएस (बिनवायरचे दोन सुटे इअरफोन) घे. आवाज चांगला पाहिजे बस. फोनला जॅक नाही.

आवाज चांगला पाहिजे बस, असं असेल तर वायरवाले घे. दोन हजारांत टीडब्ल्यूएसच्या प्रत्येक बाजूत बॅटरी, चिप, माइक, सगळं कोंबायचं असतं, स्पीकरला उरतं किती? त्याच पैशात वायरच्या आयईएममध्ये, म्हणजे कानाच्या आत घट्ट बसणाऱ्या इअरफोनमध्ये, सगळा खर्च आवाजावर होतो. मूनड्रॉपचे चू २ बघ, धातूचे आहेत, छोटे आहेत, आणि वायर सुटी निघते म्हणजे वायर गेली तर फक्त वायर घ्यायची. गायकी आणि व्हायोलिन त्यात खूप स्वच्छ लागतं. जोडीला टाइप-सीचं छोटं डोंगल, म्हणजे फोन आणि वायरमधला जोड, लागेल, घेताना आत डॅक (फोनमधल्या डिजिटल आकड्यांचा आवाज करणारी चिप) आहे ना ते विचारूनच घे, कारण सगळ्यात स्वस्त डोंगल नुसते तारा जोडलेले असतात आणि बऱ्याच फोनवर ते चालतच नाहीत.

वायर कानावरून मागे घेऊन घालायची, सरळ खाली सोडली तर शर्टाला घासून खरखर थेट कानात येते. एसटी आंबा घाटात वळणं घेत असते तेव्हा डोकं खिडकीला टेकवून झोपायचं असेल तर हे कानाबाहेर फार येत नाहीत, हा मोठा फायदा. फुटपाथवर नामांकित ब्रँडचं नाव छापलेले अडीचशेचे मिळतात ते ब्रँडचे नसतात, तिकडे जाऊच नको.

प्रश्न : कोल्हापूर. हेडफोन चांगले चालतायत पण गादीचं काळं रेक्झिन सोलून कानाला चिकटतंय. टाकून द्यावे का?

अजिबात टाकू नका! घामाने आणि दमट हवेने रेक्झिन सगळ्यांचंच सोलतं. मॉडेलचा नंबर टाकून इअर पॅड शोधा, बहुतेक मॉडेलचे मिळतात आणि नव्या हेडफोनच्या मानाने फारच स्वस्त असतात. जुने नुसते ओढून किंवा थोडे फिरवून निघतात, नव्याची कड बोटाने किंवा जुन्या एटीएम कार्डाने खाचेत सगळीकडून सरकवत न्यायची. घेताना जाडी मूळ गादीएवढीच बघा, जाड घेतली तर स्पीकर कानापासून लांब जातो आणि आवाज बदलतो. पुढच्या वेळी वापरून झालं की कोरड्या सुती फडक्याने पुसून ठेवत जा, स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका, त्याने रेक्झिन आणखी लवकर तडकतं.