देव नंतर ठरवा, आधी रोट कोण खाणार ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कादंबरीसाठी एक काल्पनिक जग रचलंय, त्यात चार जमाती आहेत, अग्नी, पाणी, वारा आणि माती असे चौघींचे चार देव आहेत, जगाच्या उत्पत्तीच्या कथाही लिहून झाल्या आहेत, तरी वाचणारे म्हणतात की ही माणसं खरी वाटत नाहीत. मग खरी वाटणारी संस्कृती आणि श्रद्धा रचायची तरी कशी?

मी खानदेशातला, जळगाव जिल्ह्यातला. लहानपणापासून जे सण पाहत आलो, त्यांच्या आधारानेच उत्तर देतो. माझं म्हणणं एवढंच आहे की उत्पत्तीकथा सध्या बाजूला ठेवा. आमच्याकडे निम्म्या लोकांना आपल्या कुलदैवताची कथा धड सांगता येत नाही. पण त्या देवाच्या प्रसादाला कोण बसतं, कोण बसत नाही आणि नारळ आधी कोणाच्या हातात द्यायचा, हे घरातलं शेंबडं पोरही सांगतं.

आमच्या कानबाई देवीचंच घ्या. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी वाजतगाजत तिचं विसर्जन होतं. नारळालाच डोळे, नथ, दागिने लावून देवी सजवतात. पण सणाचा जीव आहे तो रोटात. आमच्या कुळात घरातल्या प्रत्येक पुरुषामागे गहू मापून घेतात, त्याच्या दळणाचे रोट होतात, सोबत पुरण, खीर, गंगाफळाची भाजी. गहू मापताना कोणी मध्ये बोललेलं आजीला चालत नसे, माप चुकलं तर सगळे गहू परत पोत्यात ओतून पहिल्यापासून सुरुवात. हे रोट खायचे ते फक्त भाऊबंदांनी. जिवलग मित्र दारात आला तरी त्याला चहा मिळेल, रोट मिळणार नाही. आणि ते संपवायचेच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कडक झालेला तुकडासुद्धा दुधात कुस्करून खायचा, टाकायचा नाही.

आता या एका नियमात किती गोष्टी आल्या बघा. माणसं मोजून गहू घेतल्यामुळे दरवर्षी कुळाची मोजदाद होते. वर्षभर बांधावरून भांडलेले चुलत भाऊ एका पंगतीला बसतात, कारण रोट संपवायला तोंडं लागतात. जो बसला नाही, त्याचं भांडण सगळ्या गावाला कळतं. मोजणी पुरुषांचीच का, हा प्रश्न घरातल्या लेकीसुना आता उघड विचारू लागल्या आहेत आणि तो मला अगदी रास्त वाटतो. आणि आमच्याच गावात दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या कुळाचं माप वेगळं, नैवेद्य वेगळा. दोघांनाही आपलंच खरं वाटतं. तुमच्या अग्निपूजक जमातीत सगळी घरं एकाच पद्धतीने पूजा करत असतील, तर वाचकाला ती कवायत वाटणारच. एका देवाच्या दोन रीती ठेवा आणि त्या दोन रीतींच्या घरांत एक सोयरीक जुळवा. कथा आपोआप चालू लागेल.

नियमाइतकीच महत्त्वाची असते ती नियमातून सुटायची वाट. नवखे लेखक इथे फार कमी थांबतात. महाराष्ट्रात अनेक घरांत अशी रीत आहे: ऐन सणाच्या दिवशी घरात मृत्यू झाला तर तो सण त्या घरापुरता बंद पडतो. एका वर्षापुरता नाही, पिढ्यान्पिढ्या. तो पुन्हा कधी सुरू होतो? पुढे कधी त्याच सणाच्या दिवशी त्या घरात मूल जन्माला आलं किंवा गोठ्यात गाय व्याली तर. ज्या घरात सण बंद आहे त्या घरातली पोरं इतरांच्या घरचा धूर बघत बसतात, आणि गाय गाभण असली की म्हातारी माणसं बोटांवर दिवस मोजतात. ही रीत कोणा पुजाऱ्याने पोथीत लिहून ठेवलेली नाही. दुःखाला मुदत नाही, पण दार मात्र ठेवलंय. तुमच्या जगातल्या प्रत्येक बंधनाला असं एखादं दार शोधा: कोण सोडवू शकतो, कशाने, आणि त्याची वाट पाहताना माणूस काय करतो.

दुसरी गोष्ट, एका सणाला एकच अर्थ देऊ नका. आमची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, पितरांचा दिवस. पाण्याने भरलेली घागर पूजतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज ठेवतात. वैशाखात इकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा मेलेल्यांना सगळ्यात आधी काय द्यावंसं वाटेल? पाणी, आणि नदीच्या वाळूत पिकलेलं गार फळ. पण तोच दिवस सासुरवाशिणींचाही आहे. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात आणि त्या गाण्यांत सासूला काय काय सुनावतात ते ऐकण्यासारखं असतं. त्याच दिवशी वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या सालदाराचं साल संपतं, नवा करार होतो. त्याच दिवशी एरवी पत्त्याला हात न लावणारी माणसंही पारावर डाव मांडतात. पितर, लेकी, मजुरी आणि जुगार एका दिवशी! याची तर्कशुद्ध मांडणी कोणी करायला गेला तर फसेल. पण शेतीचं वर्ष डोळ्यासमोर आणलं की उलगडतं: रान मोकळं आहे, पेरणीला अवकाश आहे, माणूस हिशेब करायला आणि भेटायला रिकामा आहे. म्हणून सण रचण्याआधी तुमच्या जमातीचं वर्ष लिहून काढा. काम कधी, रिकामपण कधी, पोटाला चिमटा कधी.

चार जमाती आणि चार देव ही वाटणीही मला खटकते. खानदेशात सपाटीवरची माणसं सप्तशृंगीला पायी जातात, गावच्या मरीआईला नैवेद्य दाखवतात, पिराला चादर चढवतात, आणि या तिन्हीत त्यांना काही विसंगत वाटत नाही. वर सातपुड्यात भिल्ल समाजाची याहा मोगी. दुष्काळात तिने लोकांना धान्य दिलं अशी तिची कथा सांगतात. तिची देवमोगऱ्याची जत्रा महाशिवरात्रीला भरते, आज ते ठिकाण गुजरातेत येतं. नंदुरबारकडची माणसं राज्याची हद्द ओलांडून जातात, कारण देवी हद्दीच्या आधीची आहे. सपाटीवर होळी संध्याकाळी पेटते. अक्कलकुवा तालुक्यात काठी गावची होळी रात्रभर नाचून पहाटे पेटते, आणि नाचणाऱ्यांतले व्रत घेतलेले लोक त्याआधी कित्येक दिवस कडक पथ्यं पाळतात. एक कळकळीची विनंती: या नाचणाऱ्यांचा मोरपिसांचा टोप, कमरेचे भोपळे आणि घुंगरू एवढंच उचलून तुमच्या जंगली जमातीला चढवू नका. ती आमच्या शेजाऱ्यांची जिवंत श्रद्धा आहे. उचलायचंच असेल तर त्यामागची रचना उचला: पथ्य कोण पाळतं, कोणासाठी, आणि मोडलं तर काय होतं.

आता तुमच्या पाण्याच्या जमातीवर हे लावून बघू. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर काही शतकांपासून फड बागायत आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, खालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे हिस्से, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि पाणी सोडायला पाटकरी. पाटातलं पाणी सुटतं ते पाटकऱ्याच्या हातानेच. इथपर्यंत खरं, इथून पुढे कल्पना करू.

तुमच्या जमातीत असाच एक पाटकरी आहे. त्याने कोणाचं मिंधं होऊ नये म्हणून हंगामभर त्याने कोणाच्या घरी जेवायचं नाही. सगळ्या घरांतून एकेक भाकर एका टोपलीत येते, कोणती कोणाची हे कळू नये म्हणून अंधारातच गोळा करतात. हा झाला साधा व्यवहार. दोन पिढ्यांनी लोक विसरतात की हे कशासाठी होतं, आणि ती टोपली पवित्र होते. आजारी लेकराला त्यातला तुकडा चारू लागतात. मग कोणी तरी विचारतं, भाकरी अंधारातच का गोळा करतात? तेव्हा कुठे कथा जन्मते: नदीचा नवरा उपाशी होता, तिने त्याला उजेडात ओळखलं नाही, वगैरे. तुमची उत्पत्तीकथा ही अशी सगळ्यात शेवटी येऊ द्या. पुढे बंधाऱ्याजवळचा एक बागायतदार आपल्या भाकरीत गूळ घालतो, म्हणजे चवीवरून पाटकऱ्याला कळावं. पाटकरी ओळखतो. खातो की टोपलीत परत ठेवतो? आणि नदी आटली त्या वर्षी त्याला भाकर द्यायची की नाही, यावर गावात दोन तट पडतात.

या जगात एक न मानणाराही ठेवा. सुरतेत आमच्याकडची पुष्कळ माणसं कामाला गेली, तिथे स्थिरावली आणि कानबाईही सोबत घेऊन गेली. त्यांच्यातला एखादा तरुण तुम्हाला स्पष्ट सांगेल की त्याचा देवावर विश्वास नाही. पण रविवारी तो गहू मापायला हजर असतो, कारण तो आला नाही तर बापाचं माप कमी भरेल. तुमच्या जमातीत असा माणूस बसवून बघा, टोपली गोळा करायची पाळी त्याच्यावर आणा, आणि त्याला त्या गुळाच्या भाकरीचा वास आधीच आलेला असू द्या.