दोन आठवड्यांच्या शिबिरात मुलांना खरंच स्पॅनिश येतं का?

11 वर्षांच्या मुलीला टेक्सासहून मेक्सिकोतल्या ओआहाकाला, कला आणि निसर्गाच्या उन्हाळी शिबिराला पाठवावं का, असं विचारलंय. पाठवा. पण परत येऊन घडाघडा बोलेल अशी आशा नको. कान तयार होतो, भीड मोडते, तेवढं पुष्कळ.

हाताला काम असलं की शब्द चिकटतात. तिथल्या कोचिनियाचंच घ्या. निवडुंगावर पोसलेला हा पांढुरका किडा तळहातावर चिरडला की हात किरमिजी. वर लिंबू पिळलं की रंग नारिंगीकडे झुकतो, खायचा सोडा टाकला की जांभळा, म्हणजे ‘मोरादो’. हा शब्द वहीत लिहून घ्यावा लागत नाही. किडा, निवडुंग आणि लोकर रंगवणारा विणकर यांचं नातंही आपसूक कळतं.

मराठी बोलणाऱ्या पोरांना स्पॅनिशमधले त, द सोपे जातात, आणि वस्तूंना लिंग असतं याचं नवल वाटत नाही. (नामांत नपुंसकलिंग नाही, सुटलो!)

शिबिरवाल्यांना एवढंच विचारा: इंग्रजी बोलणारी मुलं किती? सगळीच तशी असली तर जेवताना इंग्रजीच चालणार. आणि जून-जुलैत तिथे पावसाळा असतो, रेनकोट द्या.